न वाकलेल्या दहा नोटा

मोलम्याईन, १२ ऑगस्ट २०१५

थीरी बाळ,

तुझ्या आजीचा आशीर्वाद. अक्षर नेहमीप्रमाणे आपल्या शेजारच्या ऊ बा च्यो मास्तरांचं आहे, शब्द माझे आहेत. मास्तरांनी जन्मभर रेल्वेची तिकिटं फाडली, त्यामुळे मोठं वाक्य दिसलं की त्यांचा हात मधेच तोडायला जातो. तसं कुठं झालं तर समजून घे.

(असे काहीही होत नाही. — बा च्यो)

तू म्हणतेस, पत्र कशाला, फोन कर. अगं, फोनवरचं बोलणं या कानातून त्या कानात जातं आणि मधे कुठंच थांबत नाही. पत्र उशाखाली ठेवता येतं, मास्तरांकडून पुन्हा वाचून घेता येतं. शिवाय पैशाच्या गोष्टी फोनवर बोलायच्या म्हटलं की मला ओरडावं लागतं, आणि मी ओरडले की अख्खी गल्ली भाव विचारायला येते.

तर ऐक. मी येतेय. वर्षावास संपतो त्या पौर्णिमेला तुमच्या पेनांगमध्ये असेन. पासपोर्ट झाला. त्यातला फोटो बघून मास्तरीण म्हणाली, "बाई, या चेहऱ्याला कुठलाही देश आत घेईल, भीतीनंच."

कशाला येतेय ते तुला ठाऊक आहे. माझी ताई एक्क्याऐंशीची झाली. बावीस वर्षं आम्ही दोघी एकमेकींशी बोललो नाही. आई गेली तेव्हा ती पेनांगहून आली ती आठव्या दिवशी, सातव्याचा विधी उरकल्यावर. मी फाटकात उभी होते. तोंडातून निघून गेलं, "पाहुण्या आल्या, चटई अंथरा." तिनं चटईला पायही लावला नाही. तशीच वळली आणि गेली. जन्मलेल्या घरात तिला पाहुणी म्हणाले मी. जीभ माझी, पण त्या दिवशी कुणाची तरी उसनी आणली असावी.

पौर्णिमेला धाकट्यांनी थोरल्यांपुढे कपाळ टेकायचं, थोरल्यांनी झालंगेलं सोडायचं, ही आपली रीत. मला ते करायचंय. आणि आईच्या नावानं तिथल्या आपल्या मठात भिक्षूंना जेवण घालायचंय, आम्ही दोघींनी शेजारी बसून. त्यासाठी मी हजार डॉलर साठवलेत. पपनसांच्या सात झाडांनी दिलेत ते, माझं काही नाही.

आता दोन गोष्टी कळव. एक, ताई मला दारात घेईल का? दुसरी, हे पैसे आणू कसे?

तुझी आजी


पेनांग, २९ ऑगस्ट २०१५

प्रिय आजी,

तुझं पत्र मी कारखान्याच्या वसतिगृहात मोठ्यानं वाचलं. खोलीतल्या पाचही मुली म्हणतात, तुझी आजी आम्हाला दे.

रविवारी मोठ्या आजीकडे गेले होते. डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून तिला सगळंच दिसतं, आणि त्याचा सगळ्यांना त्रास होतो. मी भीत भीत तुझा विषय काढला. तिनं हातातली सुपारी कातरून संपवली. मग म्हणाली, "येऊ दे. भाषण नको म्हणावं. लहानपणापासून बोलण्यात तिचा हात कुणी धरला नाही. माझ्यापुढं कपाळ टेकलं की संपलं. नाही टेकलं तरी संपलं." बास, एवढंच. पण तू येशील त्या दिवसासाठी तिनं मेणबत्त्या आत्ताच आणून ठेवल्यात. मी पाहिल्या. तिला सांगू नकोस.

आता पैशांचं. आजी, नोटा घेऊन फिरू नकोस. तीन उपाय आहेत. बँकेत खातं काढ, ते कार्ड देतात. ते इथल्या यंत्रात घातलं, चार आकडे दाबले, की पैसे बाहेर. नाहीतर हुंडी कर. मोलम्याईनच्या सुक्या मासळीच्या पेढीवर पैसे दे, त्यांचा माणूस इथं मला देईल. आमच्यातल्या सगळ्या मुली उलट्या बाजूनं तसंच पाठवतात. अगदीच नको असेल तर सोन्याची साखळी कर, गळ्यात घालून ये, इथं मोड. पण नोटा नकोत. तुला क्वालालंपूरला विमानतळावर घ्यायला मी येईन, तिथून बसनं पेनांग.

तुझी थीरी


मोलम्याईन, १३ सप्टेंबर २०१५

थीरी बाळ,

मेणबत्त्यांचं वाचलं तेव्हा मी मास्तरांना म्हटलं, जरा थांबा, डोळ्यात काहीतरी गेलं. (काही गेले नव्हते. — बा च्यो)

तुझे तिन्ही उपाय करून पाहिले. बँकेत गेले. तिथली पोरगी गालांना थनाखाचा लेप लावून बसलेली, गोड बोलली. म्हणाली, आजी, हे चार आकडे कुणाला म्हणजे कुणाला सांगायचे नाहीत. मी म्हटलं, बरं. म्हणाली, लक्षात राहणार नसतील तर लिहून ठेवा. मी म्हटलं, बाई, मला लिहिता येत नाही. म्हणाली, कुणाकडून तरी लिहून घ्या. म्हणजे मास्तरांना कळले. परदेशात कागद वाचायचा कुणी? तुला कळले. यंत्रातली बटणं दाबायला मागच्या माणसाला बोलवावं लागेल, म्हणजे त्याला कळले. असलं गुपित मला परवडत नाही. त्यापेक्षा पैसे देवळाच्या पायरीवर ठेवून आले तर निदान पुण्य तरी लागेल.

हुंडीसाठी पेढीवर गेले. पेढीवाला चोख माणूस आहे. पण म्हणतो, पैसे तिकडं थीरीच्या हातात देऊ. मला ताईच्या घरी पोचायचंय ते माझा पैसा माझ्या अंगावर घेऊन. रिकाम्या कमरेनं गेले आणि नातीपुढं हात पसरला, तर पाहुणी कोण झाली? आणि साखळी घालून गेले तर ताई म्हणेल, मिरवायला आली. ती म्हणेलच. मीही म्हटलं असतं.

तेव्हा डॉलरच. नोटा बदलून देणाऱ्या आमच्या सराफाला तू ओळखतेस. त्याला नोट म्हणजे नवरी मुलगी. चेहऱ्यावर डाग नको, कुठं मुडपलेली नको, आधी कुणाच्या खिशात नांदलेली नको. टाचणीचं भोक असलं तर निम्मा भाव, मधोमध घडी असली तर तोंडच फिरवतो. मागं एका बाईची नोट परत केली त्यानं, का, तर म्हणे बाई शिंकली. मी त्याच्यापुढं तीन तास बसून शंभराच्या दहा नोटा निवडल्या. एकेक उजेडात धरली. त्या घरी आणल्या त्या डोक्यावर ताट ठेवून, ताटात नोटा, नोटांवर केळीचं पान. लोकांना वाटलं, मठात भात घेऊन चाललेय. दोघांनी हात जोडले.

आता त्यांना अंगाबरोबर न्यायचं कसं याचीही मास्तरांनी, मास्तरणीनं आणि मी मिळून अशी सोय केलीय की पेनांगला पोचेपर्यंत एका नोटेला सुरकुती पडायची नाही. काय सोय ते लिहीत नाही. मास्तर, तुम्हीही खाली काही लिहू नका.

(काही लिहिलेले नाही. — बा च्यो)

पौर्णिमेला, सत्तावीस ऑक्टोबरला, विमानातून उतरते. आधी ताईकडं, मग तुझ्या खोलीवर. वाटेत थांबायचं नाही.

तुझी आजी


पेनांग, ९ नोव्हेंबर २०१५

आजी,

तू परत घरी सुखरूप पोचलीस हे मास्तरांच्या फोनवरून कळलं. मी दहा दिवस पत्र लिहिलं नाही कारण मला राग आला होता. अजून आहे.

मला कळत नाही. बावीस वर्षं थांबलीस, सात झाडांची पपनसं विकलीस, दोन देश ओलांडलेस. मोठ्या आजीनं ओळीनं मेणबत्त्या लावल्या, नवी चटई घातली, खुर्चीत पाय जुळवून बसली. तिनं केसात फूल माळलं होतं, आजी. आणि तू गुडघ्यांवर बसलीस आणि खांबासारखी ताठ राहिलीस. हात जोडलेस, मान हलवलीस, ती कशी, तर बाजारात मासेवालीला "नको" म्हणतेस तशी. मी मागून तुझ्या पाठीला हात लावला, म्हटलं वाक, आजी. तू म्हणालीस, "आज नाही."

आज नाही! मग कधी?

मोठी आजी फक्त सुनेला म्हणाली, "पाहुण्यांना चहा द्या." तुला ते लागलं हे मला दिसलं. पण तिला काय लागलं असेल?

मी तुझी बाजू घेतली. म्हटलं, तिची कंबर धरली असेल, बसमध्येही पडलेली चप्पल मलाच उचलायला लावली. मोठी आजी म्हणाली, "कंबर तिची छान आहे. मानेत दोष आहे, तो जन्माचा आहे." पुढचे तीन दिवस तू तिच्या दारावर गेलीस आणि "झोपल्या आहेत" ऐकून परत आलीस. मठातलं जेवणही तू एकटीनंच घातलंस. शेजारची जागा मोकळी ठेवून बसली होतीस. फोटोत ती मोकळी जागाच जास्त दिसते.

आता ती तुझं नाव घेऊ देत नाही. नाही टेकलं तरी संपलं असं तिनं म्हटलं होतं, आणि ती बोललेलं करते. मला निदान कारण तरी सांग.

थीरी


मोलम्याईन, २४ नोव्हेंबर २०१५

ताई,

हे पत्र थीरीच्या हातून येईल. फाडायचं असेल तर शेवटपर्यंत वाचून फाड. तू मठात जाऊन अक्षरं शिकलीस, माझी पाळी येईतो लढाई आली आणि माझी पाटी कोरीच राहिली. म्हणून हे मला मास्तरांच्या देखत सांगावं लागतंय. एकटीला सांगितलं असतं तर लाज निम्मी झाली असती.

सोबत दोन पुठ्ठे पाठवलेत. मासळीची पेढी तिकडं माल पाठवते, त्यांच्याबरोबर येतील. वास येईल, तो माझा नव्हे.

ते पुठ्ठे मास्तरांच्या जुन्या तिकीटवह्यांचे आहेत. नोटेवर नोट ठेवली तर शाई लागते म्हणून दहाही नोटा एका पुठ्ठ्यावर सुट्या सुट्या मांडल्या, पाच डावीकडं, पाच उजवीकडं, वर पातळ कागद, वरून दुसरा पुठ्ठा. गळ्याखालून बेंबीपर्यंत आला. मास्तरणीनं तो माझ्या चोळीच्या आत, मी अंगात घातलेली असताना, शिवून टाकला. चोरानं काढू नये म्हणून. मलाही काढता येऊ नये हे आमच्या कुणाच्या डोक्यात आलं नाही. दोरा तोडून मास्तरीण म्हणाली, "झालं. आता पत्ता लिहायचा बाकी आहे."

रंगूनच्या विमानतळावर तपासणीच्या बाईनं माझ्या पोटावर हात मारला. ठक ठक वाजलं.

"आजी, हे काय?"

"पोट."

"पोट वाजतं?"

"रिकामं आहे, बाई. सकाळपासून खाल्लं नाही."

तिनं मला पडद्याआड नेलं, चार टाके उसवले, आत बघितलं. मला वाटलं, आता जाते तुरुंगात. तर ती म्हणते, "सपाट राहाव्यात म्हणून होय? बरोबर केलंत. माझ्या आईच्या नोटेला एवढीशी घडी होती, आठ महिने कुणी घेतली नाही." एका नोटेचं टोक मुडपायला आलं होतं, ते तिनं नखानं सरळ केलं आणि चोळी परत शिवून दिली. मास्तरणीपेक्षा बारीक टाका आहे तिचा.

(हे माझ्या पत्नीला वाचून दाखवलेले नाही. — बा च्यो)

मग तुझं घर. तू केसात फूल माळलं होतंस. पिवळं. मी गुडघे टेकले, आणि वाकायला गेले तशी पुठ्ठा कुरकुरला. ताई, खरं सांगते, त्या क्षणी मला तू दिसली नाहीस. मला आमचा सराफ दिसला, तोंड फिरवताना. दहा नोटा मधोमध मुडपल्या तर आईच्या नावाचं जेवण गेलं. मी म्हटलं, आज एक रात्र. उद्या सकाळी नोटा बदलते, पुठ्ठा फेकते, आणि येऊन अशी वाकते की फरशीला खड्डा पडेल. म्हणून "आज नाही" म्हणाले. उद्या आपल्या हातातला असतो असं मला सत्त्याहत्तराव्या वर्षीही वाटतं.

तुला तिथंच सांगायला हवं होतं, पण सगळ्या घरादारापुढं चोळी वाजवून दाखवू? आणि भाषण नको म्हणाली होतीस. आयुष्यात एकदाच तुझं ऐकलं, तर तेही चुकीच्या वेळी.

दुसऱ्या दिवशी थीरी कामावर गेली. वसतिगृहाच्या स्वयंपाकिणीकडून चोळीचे टाके उसवून घेतले आणि तिलाच घेऊन नोटा बदलायला गेले. तुमच्या बाजाराच्या तोंडावर पांढऱ्या दाढीचा म्हातारा सराफ बसतो. मी पुठ्ठा उघडला, नोटा त्याच्यापुढं ठेवल्या, अंडी ठेवावीत तशा. त्यानं त्या भरभर मोजल्या. आणि माझ्या डोळ्यांदेखत, ताई, दहाच्या दहा मधोमध दुमडल्या, रबर लावलं आणि खणात फेकल्या.

मी किंचाळले. रस्त्यावरचे लोक थांबले. स्वयंपाकिणीनं त्याला विचारलं आणि मला सांगितलं, "तो म्हणतो, भाव पुरा दिलाय, आता ओरडायला काय झालं? इथं घडीचं कुणाला काही नाही."

इथं घडीचं कुणाला काही नाही. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी त्या दहा नोटांचं पुडकं करून कमरेला खोचलं असतं, आणि तुझ्यापुढं दहादा वाकले असते.

तिथून धावत तुझ्या दारी आले. तू झोपली होतीस. दुसऱ्या दिवशी झोपली होतीस. तिसऱ्याही. एवढं तर तू तान्ही असतानाही झोपत नव्हतीस, असं आई सांगायची.

ताई, कागदी तुकड्याला सुरकुती पडेल म्हणून मी तुझ्यापुढं ताठ राहिले. एवढंच कारण आहे. यापेक्षा मोठं असतं तर सांगायला बरं वाटलं असतं.

तुझी धाकटी


पेनांग, १९ डिसेंबर २०१५

धाकटे,

पत्र मिळालं. पुठ्ठे मिळाले. घरात तीन दिवस सुक्या बोंबलांचा वास आहे आणि सून माझ्याकडे बघते.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला खरं वाटलं नाही. तू गोष्टी रचतेस, हे मला तू चार वर्षांची असल्यापासून माहीत आहे. म्हणून थीरीला बोलावलं, दार लावलं, आणि तो पुठ्ठा माझ्या छातीला बांधायला सांगितला. आईच्या तसबिरीपुढं गुडघे टेकले आणि वाकायला गेले. नाही वाकता आलं. पुन्हा केलं. चारदा केलं. थीरी हसून जमिनीवर पडली, मला मात्र तेही करता येईना. पाचव्यांदा जोर केला तेव्हा वरचा पुठ्ठा मोडला आणि तसबिरीपुढचं फुलपात्र आडवं झालं. तेव्हा विश्वास बसला.

आता माझंही ऐक. मी झोपले नव्हते. तिन्ही दिवस पडद्यामागं उभी होते. तिसऱ्या दिवशी तू परत जाताना माझ्या पायरीवर इकडंतिकडं पडलेल्या चपला पाहिल्यास, खाली वाकलीस, आणि जोडी जुळवून सरळ लावून ठेवल्यास. मी म्हटलं, बघा, कंबर कशी वाकते. चपलांपुढं वाकते, माझ्यापुढं नाही. दार उघडायला हात कडीपर्यंत गेला होता, तो तिथून मागं घेतला. नवे डोळे घालून घेतले, पण दिसलं ते अर्धंच.

त्या चपला मी अजून तशाच ठेवल्यात. दुसऱ्या घालते.

पाहुणी म्हणालीस ते मी बावीस वर्षं धरून ठेवलं. त्याआधी मी सात दिवस उशीर केला होता, ते मात्र धरलं नाही. आमच्या दुकानात मासेमारीच्या जाळ्यांचा मोठा सौदा होता. दोन दिवस त्यासाठी थांबले, नंतर बोट चुकली. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तू सराफापायी ताठ राहिलीस, मी गिऱ्हाइकापायी थांबले. आईनं दोघींना एकाच पिठात मळलं.

पाण्याच्या सणाला मी मोलम्याईनला येतेय. मला आईच्या जागेपुढं वाकायचंय, त्यामुळं अंगावर पुठ्ठा नको. थीरीनं त्याच दाढीवाल्याकडून डॉलर आणलेत. सगळ्यांना मधोमध घडी आहे, तुझ्याच असतील. रुमालात बांधून, गाठ मारून, कमरेला खोचून आणते. तुमच्या त्या सराफाला चालतील ना? नाहीतर दुसरं काय आणू ते लवकर कळव. रिकाम्या हातानं मला यायचं नाही.

तुझी ताई


मोलम्याईन, ५ जानेवारी २०१६

ताई,

घाईत लिहून घेतेय, मास्तर नाक पुसताहेत. (सर्दी आहे. — बा च्यो)

नाही चालणार. त्या नोटा इथं सराफ चिमट्यानंही उचलणार नाही. मी मुद्दाम जाऊन विचारून आले. म्हणाला, मधोमध घडी? रुमालात? त्यानं डोळेच मिटून घेतले.

तेव्हा दुसरं काही आणू नकोस, त्याच आण. चांगल्या कुस्करून आण. म्हणजे रंगूनला उतरलीस की तुझ्याकडं खर्चायला एक क्यातही नसेल. बसचं भाडं मला भरावं लागेल, चहा मी पाजीन, भात माझ्या हंडीतला खावा लागेल, आणि निघायचं म्हणालीस तरी भाड्याला माझ्याकडंच यावं लागेल. बघू कशी निघतेस.

कपाळ टेकायचं माझं राहिलंय. ते फाटकातच टेकीन, गल्ली बघेना का.

चटई मात्र मी अंथरणार नाही. आईच्या खाटेमागं ती उभी करून ठेवलेली असते. तुला ठाऊक आहे. आलीस की तुझी तू घे.

धाकटी